पहिला ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल) बनवताय? आत्ता एवढंच बघा

एकदम तीन-चार सर्किटं सोल्डर करायला बसू नका. आधी एकच, तेही ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग जोडायची पाटी): एक ऑपअँप (सिग्नल मोठा करणारी चिप), ९ व्होल्टची बॅटरी आणि फीडबॅकमध्ये (आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत) एकमेकांच्या उलट जोडलेले दोन डायोड. ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडलचा गाभा हाच आहे.

खरी मजा डायोड बदलून ऐकण्यात आहे. १एन४१४८ हा साधा सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला सिग्नल कापायला लागतो, जर्मेनियम ०.३ च्या आसपास, लाल एलईडी १.७ च्या जवळपास. त्यामुळे एलईडी लावला की आवाज मोठा होतो आणि नवखा लगेच म्हणतो, "हाच भारी!" फसू नका. प्रत्येक बदलानंतर व्हॉल्यूम कानाने सारखा करा, मगच तुलना. (मी बरेच दिवस मोठ्या आवाजालाच चांगला टोन समजत होतो.) महागड्या ऑपअँपच्या मागे तर आत्ता लागूच नका, एखादा कपॅसिटर बदललात तर फरक जास्त ऐकू येईल.

हमखास होणाऱ्या चुका:

- अडॅप्टरची उलटी पोलॅरिटी. पेडलला बहुतेक वेळा मधली पिन निगेटिव्ह लागते.
- ऑपअँपला ४.५ व्होल्टचा बायस (बॅटरीच्या निम्मं स्थिर व्होल्टेज) द्यायला विसरणं. आवाज चिरका, तुटक येतो.
- चिप थेट सोल्डर करणं. सॉकेट लावा.

आवाजच आला नाही तर सगळं उपसू नका. मल्टिमीटरने चिपची आउटपुट पिन तपासा, ४.५ च्या जवळपास दिसायला हवं.

ट्रू बायपास (पेडल बंद असताना सिग्नल सर्किट टाळून थेट पुढे जाणं), बफर (लांब केबलमध्ये सिग्नल कमजोर होऊ न देणारं सर्किट) नंतर. हे वाजलं की कळवा, मग टोन कंट्रोलचं बोलू.