फिटच्या पेशंटला व्हिडिओवर दाखवलं तर चालतं का?

तुम्ही विचारलंय की आईला फिट येतात, गाव निपाणीपासून बरंच आत आहे, दर महिन्याला बेळगावला नेणं झेपत नाही, तर न्यूरोलॉजिस्टला व्हिडिओवर दाखवून चालेल का आणि ॲप कुठलं घ्यावं. चालतं. आमच्या घरात तर आजार सापडलाच व्हिडिओवर, म्हणून लिहायला बसलोय.

आमचं गाव जांबोटीच्या पुढं, खानापूर तालुका. धाकटी बहीण तेव्हा १९ वर्षांची. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची, नजर एका जागी, ओठ चाटत राहायची, ओढणी चुरगाळायची, आणि मिनिटभरानं परत भाकरी थापायला सुरू, मधलं काही आठवायचं नाही. दोनदा तर सगळं अंग ताठ होऊन झटके आले. काका म्हणाले पोरीचं लग्न व्हायचंय, फिट हा शब्द तोंडातून काढायचा नाही, चक्कर म्हणायचं. बेळगावात एका मोठ्या दवाखान्यात नेलं तिथंही आत बोलायला काकाच, कारण त्यांना कन्नड चांगलं येतं, आणि त्यांनी 'तले सुत्तु' सांगितलं, म्हणजे चक्करच. आई दाराबाहेर, रांगेत गावातलीच दोन माणसं, ती काय बोलणार. डॉक्टरांनीही घरी कुणी बघितलंय का हे विचारलं नाही, तीन मिनिटांत चक्करच्या गोळ्या. वर्षभर त्याच. एकदा चुलीजवळ पडली, हातावर भाजल्याचा डाग अजून आहे.

मग ओळखीच्या एका नर्सनं हुबळीच्या डॉक्टरबाईंची व्हिडिओवरची वेळ घेऊन दिली. घरात रेंज नाही, म्हणून पाऊस उघडल्यावर शाळेमागच्या माळावर गेलो, मी, आई आणि बहीण. काकांना सांगितलंच नाही. बाईंनी मोडक्या मराठीत पहिलाच प्रश्न विचारला, "हिच्याजवळ झोपतं कोण?" आईनं माझ्या हातातला फोन घेतला आणि सगळं सांगितलं. फिट हा शब्द आईच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाई म्हणाल्या आता आली की मोबाईलवर शूटिंग करा, तोंड आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, नावानं हाक मारा, संपली तरी लगेच बंद करू नका. ११ दिवसांनी मिळालं, पाठवलं, बघितल्यावर त्या म्हणाल्या ही फिटच आहे. एकदा प्रत्यक्ष जाऊन एमआरआय आणि ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज तपासतात तो) करून घेतला. ईईजी नॉर्मल आला तर काका परत सुरू, बघ काही नाही म्हणून. अहो, दोन फिटच्या मधल्या काळात ईईजी नॉर्मल येऊ शकतो, त्यावरून फिट नाही असं ठरत नाही. लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी सुरू झाली, पुढचं सगळं फोनवरच.

तेव्हा ॲप कुठलं यापेक्षा फोनसमोर कोण बसतंय ते बघा. ज्यानं फिट डोळ्यांनी बघितलीय त्यानंच बोलायचं, भाषा येते म्हणून शिकलेल्या नातेवाइकाला पुढं करू नका. फिटचं निदान बरंचसं ऐकून आणि बघून होतं. काका अजून म्हणतात हात न लावता कसला डॉक्टर, पण समोर बसवून तपासलं तरी वर्षभर फिट का सापडली नाही याचं उत्तर त्यांच्याकडं नाही.

ई-संजीवनी ही व्हिडिओवर डॉक्टरला दाखवायची सरकारी सोय आहे, पैसे पडत नाहीत, पण तिथं न्यूरोलॉजिस्टच मिळेल असं धरून चालू नका.

आणि हे राहिलंच, आईला फिट नवीनच सुरू झाली असेल तर पहिल्यांदा समोरच दाखवा, स्कॅन लागतो. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात गळाला, बोबडी वळली तर फोन लावत बसायचं नाही, लकव्यात रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. फिट ५ मिनिटांवर गेली तरी सरळ १०८. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी कॉल घ्या, आमच्याकडं पावसात चार चार दिवस लाईट नसते.

गोळ्या मनानं बंद तर अजिबात करू नका. बहिणीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा काका म्हणाले तेवढे दोन महिने थांबवा. आईनं ऐकलं नाही. मुलाकडचे आले त्या दिवशी चहा द्यायच्या आधी तिनंच त्यांना सांगितलं, पोरीला फिट आहे, गोळ्या चालू आहेत.