सिक्स नेशन्स ही रग्बी स्पर्धा कधी आणि कशी सुरू झाली? विश्वचषक असताना तिला इतका भाव का, आणि देश सहाच का?

तुम्ही विचारलंय तीन गोष्टींबद्दल, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: ही स्पर्धा कुणी सुरू केलीच नाही. रग्बीच्या विश्वचषकाला जन्मसाल आहे. १९८७ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात १६ संघ जमले आणि तो सुरू झाला. सिक्स नेशन्सचं तसं नाही. शेजारी देश दरवर्षी एकमेकांशी खेळायचे, पेपरवाले निकाल जोडून कोण वरचढ ते छापायचे, आणि कधीतरी त्यालाच सगळे स्पर्धा म्हणू लागले. त्यामुळे तिचा इतिहास सांगायचा म्हणजे एका भाऊबंदकीचा इतिहास सांगायचा.

सुरुवात १८७० च्या डिसेंबरात. त्या वर्षी लंडनच्या ओव्हल मैदानावर फुटबॉलच्या नियमांनी इंग्लंड-स्कॉटलंड असा एक सामना झाला होता. स्कॉटलंडच्या संघात बहुतेक लंडनला राहणारे स्कॉटिश लोक होते. हे स्कॉटलंडमधल्या क्लबांना झोंबलं. पाच क्लबांच्या कर्णधारांनी वर्तमानपत्रातून जाहीर आव्हान दिलं, की या, आमच्याशी रग्बीच्या नियमांनी खेळा. २७ मार्च १८७१ ला एडिंबराच्या रेबर्न प्लेस मैदानावर तो सामना झाला, हा रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय सामना. दोन्हीकडे वीस-वीस खेळाडू आणि बघायला चारेक हजार माणसं. स्कॉटलंड जिंकलं, पण त्यांच्या एका ट्रायवरून (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं म्हणजे ट्राय) इंग्लंडनं हुज्जत घातली. अंपायर होते आल्मंड नावाचे एक हेडमास्तर. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की अंपायरला शंका असेल तेव्हा जास्त आरडाओरडा करणाऱ्या बाजूच्या विरोधात निकाल द्यावा, बहुधा तीच चुकीची असते. पुढची दीडशे वर्षं कशी जाणार याची चुणूक पहिल्याच सामन्यात मिळाली म्हणायची.

आता आपल्याला जवळचा भाग. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा जो चषक आहे त्याचं नाव कलकत्ता कप. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यातल्या गोऱ्या मंडळींनी एक सामना खेळला, एका बाजूला इंग्लंडचे वीस, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड-आयर्लंड-वेल्सचे मिळून वीस. त्यातूनच जानेवारी १८७३ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पण तिथल्या हवेत रग्बी खेळणं म्हणजे शिक्षाच. टेनिस आणि पोलो जोरात होते, आणि क्लबातली फुकटची दारू बंद झाल्यावर सभासदही गळाले असं सांगतात. १८७८ मध्ये क्लब गुंडाळायची वेळ आली. आता इथे दुसऱ्या कुणी उरलेल्या पैशांची मेजवानी झोडली असती. या लोकांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते वितळवले आणि त्यांचा चषक घडवून घेतला. तीन मुठी, तिन्ही फणा काढलेल्या नागाच्या, आणि झाकणावर हत्ती. हा चषक त्यांनी लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनला, म्हणजे इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. क्लबांच्या स्पर्धेसाठी तो वापरावा अशी देणाऱ्यांची इच्छा होती, पण युनियननं तो इंग्लंड-स्कॉटलंडच्या वार्षिक सामन्याला लावला. १८७९ चा पहिला सामना बरोबरीत सुटला, १८८० मध्ये इंग्लंडनं तो पहिल्यांदा जिंकला.

म्हणजे सगळ्या स्पर्धेला स्वतःचा चषक १९९३ मध्ये मिळाला, पण तिच्यातल्या एका सामन्याला तो त्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधीच मिळालेला होता. १९८८ मध्ये सामन्यानंतरच्या रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री यांनी दारूच्या नशेत हाच चषक एडिंबराच्या रस्त्यावर नेऊन लाथाडला. चांदी चेपली. रिचर्ड्सवर एका सामन्याची बंदी आली, जेफ्रीवर सहा महिन्यांची. स्कॉटिश लोक हा हिशोब अजून विसरलेले नाहीत.

स्पर्धेचं पहिलं वर्ष म्हणून १८८३ धरतात, कारण १८८२-८३ च्या हंगामात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स हे चौघे पहिल्यांदा एका वेळापत्रकात आले. आयर्लंड आणि वेल्स यांची मात्र त्या हंगामात गाठ पडली नाही. इंग्लंडनं तिघांनाही हरवलं. चौघांपैकी एकानं बाकी तिघांना हरवणं म्हणजे ट्रिपल क्राउन. यालाही खरीखुरी ट्रॉफी २००६ पर्यंत नव्हती.

आणि दुसऱ्याच वर्षी मोठं भांडण झालं. १८८४ मध्ये ब्लॅकहीथला इंग्लंड-स्कॉटलंड सामना होता. एका स्कॉटिश खेळाडूनं चेंडू हातानं मागे ढकलला, तो इंग्लंडला मिळाला आणि त्यांनी ट्राय केला. स्कॉटलंडचं म्हणणं, चेंडू असा ढकलणं नियमात बसत नाही, तेव्हा खेळ तिथेच थांबायला हवा होता. इंग्लंड म्हणे, नियम मोडला तुम्ही, आणि त्याचा फायदाही तुम्हालाच? रेफरी आयरिश होते, त्यांनी ट्राय दिला. पण खरा वाद त्या ट्रायचा नव्हताच. नियमाचा अर्थ लावायचा अधिकार कुणाचा, हा होता. इंग्लंडच्या मते तो त्यांचा एकट्यांचा. १८८५ मध्ये दोघे एकमेकांशी खेळलेच नाहीत. १८८६ मध्ये बाकी तिघांनी मिळून आंतरराष्ट्रीय बोर्ड काढलं, तर इंग्लंड त्यात जाईना. १८८८ आणि १८८९ अशी दोन वर्षं इंग्लंडवाचून गेली. शेवटी लवाद नेमून १८९० मध्ये समेट झाला. बोर्डावर इंग्लंडला सहा जागा मिळाल्या आणि बाकीच्यांना दोन-दोन. आज जागतिक रग्बीचा कारभार पाहणारी वर्ल्ड रग्बी ही संस्था त्याच बोर्डाची वारस आहे. एका ट्रायवरच्या भांडणातून अख्ख्या खेळाची सत्ता उभी राहिली, हे मला या इतिहासातलं सगळ्यात मजेशीर वाटतं.

पुढची भांडणं पैशावरून. रग्बी युनियन, म्हणजे आपण बोलतोय तेच रग्बी, तेव्हा हौशी खेळ होता, पैसे घेतलेत की बाटलात. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी, कामगार खेळाडूंची बुडालेली मजुरी तरी भरून द्या, या मागणीवरून वेगळी चूल मांडली आणि त्यातून रग्बी लीग हा निराळाच खेळ झाला. १८९७ मध्ये वेल्सच्या आर्थर गूल्डला चाहत्यांनी वर्गणी काढून घर भेट दिलं. बाकीच्यांनी ठरवलं की हे मानधनच झालं. वेल्स बोर्डातून बाहेर पडलं आणि त्या वर्षीची व पुढच्या वर्षीची स्पर्धा अर्धवट राहिली.

फ्रान्स १९१० मध्ये आला आणि फाइव्ह नेशन्स झाली. त्यांचा पहिला विजय १९११ च्या जानेवारीत पॅरिसजवळच्या कोलोंबला, स्कॉटलंडवर १६-१५. त्या सामन्याचा एक किस्सा फ्रान्समध्ये अजून सांगतात: एक खेळाडू वाटेत सँडविच घ्यायला गाडीतून उतरला, गाडी सुटली आणि त्याची जागा दुसऱ्यालाच मिळाली. १९३१ नंतर मात्र फ्रान्सलाच बाहेर काढलं गेलं. तिथल्या क्लबांमध्ये चोरून पैसे देतात हा आरोप होता, तो खराही होता. शिवाय क्लबांच्या सामन्यांत मारामाऱ्या इतक्या वाढल्या होत्या की खेळाडू मैदानावर जिवानिशी गेले होते. फ्रान्सनं मग १९३४ मध्ये इटली, जर्मनी, रोमानिया वगैरेंना घेऊन स्वतःची संघटना उभारली. इटलीचं रग्बी पुढे याच वर्तुळात वाढलं, हे लक्षात ठेवा. फ्रान्सला १९३९ मध्ये परत यायला परवानगी मिळाली, तोवर महायुद्ध सुरू झालं, त्यामुळे प्रत्यक्ष पुनरागमन १९४७ ला. निर्भेळ विजेतेपद मिळायला १९५९ उजाडलं, आणि चौघांनाही हरवण्याचा पराक्रम, म्हणजे ग्रँड स्लॅम, १९६८ मध्ये.

भाव का, याचं उत्तर १९७२-७३ मध्ये सापडतं. जानेवारी १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळीबार केला, त्यानंतर डब्लिनमधला ब्रिटिश दूतावास जाळला गेला. स्कॉटलंड आणि वेल्स यांनी डब्लिनला जायला नकार दिला, स्पर्धा अपुरी राहिली. पुढच्या वर्षी पाळी इंग्लंडची. सगळ्यात मोठा धोका त्यांनाच होता, तरी ते गेले. मैदानात उतरल्यावर प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या थांबेचनात. इंग्लंड १८-९ असं हरलं. रात्री जेवणाच्या वेळी कर्णधार जॉन पुलिन म्हणाला, आम्ही खेळात फारसे चांगले नसू, पण निदान येतो तरी. त्या वर्षी आणखी एक गंमत झाली: पाचही संघांनी घरचे दोन्ही सामने जिंकले, बाहेरचे दोन्ही हरले, आणि पाचही जण संयुक्त विजेते ठरले! समान गुण झाले तर काय करायचं याचा नियमच नव्हता. तो १९९४ पासून आला.

त्याच जातीचा दुसरा दिवस २४ फेब्रुवारी २००७. आयर्लंडचं नेहमीचं मैदान पाडून नवं बांधत होते, म्हणून इंग्लंडविरुद्धचा सामना डब्लिनच्या क्रोक पार्कवर ठेवला. हे मैदान आयरिश देशी खेळांचं, तिथे रग्बीसारख्या 'परक्या' खेळांना कित्येक दशकं बंदी होती. कारणही साधं नव्हतं. नोव्हेंबर १९२० मध्ये याच मैदानावर सामना चालू असताना ब्रिटिश पोलिसी दलांनी गोळीबार केला होता, १४ जणांचा बळी गेला, त्यांत मायकल होगन हा खेळाडूही होता. त्याचंच नाव तिथल्या एका स्टँडला आहे. तिथे आता ब्रिटिश राष्ट्रगीत वाजणार होतं. कुणी हुर्यो केली नाही. मग आयर्लंडचं राष्ट्रगीत झालं तेव्हा आयरिश खेळाडू रडत होते. निकाल ४३-१३, आयर्लंड. विश्वचषकात याहून चांगलं रग्बी बघायला मिळतं, वादच नाही, पण असा सामना तिथे ठरवून घडवता येत नाही.

निव्वळ खेळासाठी एकच सामना बघायचा असेल तर ११ एप्रिल १९९९ चा बघा. फाइव्ह नेशन्सचा शेवटचा सामना. वेल्सचं स्टेडियम बांधून व्हायचं होतं, म्हणून त्यांचा 'घरचा' सामना चक्क लंडनच्या वेम्ब्लीवर. इंग्लंड जिंकलं तर ग्रँड स्लॅम. शेवटच्या मिनिटांत इंग्लंड सहा गुणांनी पुढे होतं, आणि स्कॉट गिब्जनं इंग्लंडची फळी फोडून ट्राय केला. पाच गुण. नील जेंकिन्सनं कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतर मिळणारी किक, मारलं, दोन गुण. वेल्स ३२, इंग्लंड ३१. विजेतेपद गेलं स्कॉटलंडला. त्यांनी आदल्या दिवशी पॅरिसमध्ये फ्रान्सला हरवलं होतं आणि आता नुसते टीव्ही बघत बसले होते.

इटली २००० मध्ये आला. नव्वदच्या दशकात त्यांनी आयर्लंड, स्कॉटलंड आणि फ्रान्स तिघांनाही हरवलं होतं, त्यामुळे दार उघडणं भाग होतं. पहिल्याच सामन्यात रोममध्ये गतविजेत्या स्कॉटलंडला ३४-२० नं लोळवलं, त्यांतले २९ गुण एकट्या दिएगो दोमिंगेसचे. नंतर मात्र दैना झाली. २०१५ पासून या स्पर्धेतले ओळीनं ३६ सामने हरल्यावर मार्च २०२२ मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्ध कापुओत्सोनं एकट्यानं बचाव भेदत चेंडू नेला आणि पादोवानीच्या हातात दिला, तेव्हा २२-२१ असा विजय मिळाला.

देश सहाच का? न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांची १९९६ पासून वेगळी स्पर्धा आहे, २०१२ मध्ये अर्जेंटिना त्यात आला. अंतर आणि हंगाम दोन्ही जुळत नाहीत, तेव्हा ते सोडा. खरा प्रश्न बाहेर राहिलेल्या जॉर्जिया या देशाचा. २०२२ मध्ये त्यांनी बातुमीला इटलीला हरवलं आणि कार्डिफला जाऊन वेल्सला १३-१२ नं. पण सिक्स नेशन्समध्ये तळाचा संघ बाहेर जात नाही, खालचा वर येत नाही. कारण ही स्पर्धा कुठल्या जागतिक संस्थेची नाही, सहा देशांच्या रग्बी युनियनांची खाजगी मालमत्ता आहे. २०२१ मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीनं तिचा सातवा हिस्सा ३६.५ कोटी पौंडांपर्यंतच्या सौद्यात घेतला. एक वर्ष बाहेर राहणं म्हणजे प्रेक्षक, टीव्हीचे पैसे, सगळ्यावर पाणी. तेव्हा स्वतःलाच बाहेर काढू शकेल असा नियम सहांपैकी कोण मान्य करणार?