बरी फुटबॉल क्लबला इंग्लिश लीगमधून का काढलं? आता तो क्लब कुठे आहे?

थोडक्यात सांगायचं तर पैशांमुळे. खेळाचा त्यात काही दोष नव्हता, उलट २०१९ च्या मे महिन्यात संघ लीग टूमध्ये (इंग्लिश फुटबॉलची चौथी पातळी) दुसरा येऊन वरच्या विभागात गेला होता.

बरी हे मँचेस्टरच्या उत्तरेचं गिरण्यांचं गाव. क्लब १८८५ चा, लीगमध्ये १८९४ पासून. १९०० मध्ये एफए कप (इंग्लंडची जुनी बाद फेरीची स्पर्धा) जिंकला, आणि १९०३ मध्ये तर अंतिम सामन्यात डर्बी काउंटीला ६-० ने धुतलं. त्या पूर्ण स्पर्धेत बरीवर एकही गोल झाला नाही! पुढे मात्र बहुतेक काळ खालच्या विभागांतच गेला.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये कर्जात बुडालेला क्लब नव्या मालकाला अवघ्या एका पौंडात विकला गेला. खेळाडूंचे पगार थकले. देणी भागवायला पैसा आहे, याचा पुरावा लीगने मागितला, तो मिळाला नाही. शेवटच्या क्षणी ठरत आलेली विक्रीही फिसकटली आणि २७ ऑगस्ट २०१९ ला हकालपट्टी झाली. माझ्या मते लीगचाही दोष आहे. मालक पारखायचं काम तिचंच ना?

चाहत्यांनी लगेच बरी एएफसी काढून दहाव्या पातळीवरच्या लीगमधून सुरुवात केली. जुन्या क्लबचं नाव आणि गिग लेन मैदान दुसऱ्या गटाने सोडवून घेतलं. दोन्ही गटांनी एकत्र यायचा पहिला प्रयत्न मतदानात फसला, २०२३ मध्ये जमलं. त्याच वर्षी गिग लेनवर पुन्हा सामने सुरू झाले. २०२५ मध्ये नॉर्थ वेस्ट काउंटीज लीग जिंकून संघ आठव्या पातळीवर पोचला.