चोक अर्धा ओढला की इंजिन शहाण्यासारखे का चालते?

प्रश्न : माझ्याकडे बसून चालवायचे, गवत कापण्याचे सुमारे वीस वर्षांपूर्वीचे यंत्र आहे. त्याचे इंजिन एका सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे आहे. चार-पाच महिने ते बंद होते आणि टाकीत पेट्रोल तसेच राहिले होते. आता चोक ओढला की ते लगेच सुरू होते, पण चोक पूर्ण सोडला की त्याचा वेग सारखा वर-खाली होत राहतो आणि पाती जोडताच ते दम टाकते. चोक अर्धा ओढून ठेवला तर मात्र ते एकसारखे चालते. प्लग नवा बसवला, पण फरक पडला नाही. जुना प्लग टोकाशी पांढरट झालेला होता. एका मेकॅनिकने ‘इंजिन कामाला आले आहे, रिंगा बदलाव्या लागतील’ असे सांगितले. काय करावे?

उत्तर : इंजिन उघडण्याची घाई कृपया करू नका. पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, प्लग तेलकट निघतो, ऑइल वरचेवर कमी होते आणि चोक कुठेही ठेवला तरी गेलेली ताकद परत येत नाही. तुमच्या पत्रात यांतले एकही लक्षण नाही. उलट, चोक अर्धा ओढला की इंजिन एकसारखे चालते, हे जे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, त्यातच निम्मे निदान झाले आहे.

कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, आणि चोक ही त्याच्या तोंडाशी असलेली झडप. ती मिटत आणली की आत जाणारी हवा कमी होते, आतली ओढ वाढते आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, पेट्रोल जास्त खेचले जाते. असे केल्याने गरम झालेले इंजिन सुधारत असेल, तर एकतर त्याला पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठल्या तरी फटीतून जादा हवा मिळते आहे. पांढरट प्लगही हेच सांगतो. चोक ओढल्यावर इंजिन आणखी बिघडून काळा धूर ओकू लागले असते, तर मी तुम्हाला आधी चोंदलेला एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची गळकी सुई पाहायला सांगितले असते.

वेग वर-खाली होण्यामागे गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग राखणारी यंत्रणा असते, पण दोष त्याचा नसतो. मंद गतीच्या जेटमधून पुरेसे पेट्रोल न आल्याने वेग पडतो, गव्हर्नर तो पडलेला पाहून थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी झडप, उघडतो, थ्रॉटल उघडल्यावर मुख्य जेटमधून पेट्रोल येऊन वेग वाढतो, वाढलेला वेग पाहून गव्हर्नर थ्रॉटल पुन्हा मिटवतो आणि इंजिन परत उपाशी राहते. हे चक्र अखंड चालू राहते. अनेक जण अशा वेळी गव्हर्नरची स्प्रिंग ताणतात किंवा तिची जागा बदलतात. तसे मुळीच करू नका, कारण त्यामुळे इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे पळू शकते आणि मग रिंगा बदलण्याची पाळी खरोखरच येते.

सुरुवात पेट्रोलपासून करा. महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर उरतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल, तर ते हवेतला ओलावाही धरते आणि पाणी फार झाले की तळाशी वेगळा थर साचतो. जुने पेट्रोल काढून थोडेसे काचेच्या बाटलीत घ्या आणि काही वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळी रेघ दिसली किंवा पेट्रोलला आंबूस, रंगासारखा वास आला, तर टाकी पूर्ण रिकामी करून फिल्टरही बदला. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि प्लगची वायर काढून करावे.

त्यानंतर पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते का, ते पाहा. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून डब्यात धरा. टाकी वर असेल तर धार आपोआप आली पाहिजे. क्रँककेसमधल्या, म्हणजे सिलिंडरखालच्या ऑइलच्या पेटीतल्या, दाबाच्या धक्क्यांवर चालणारा छोटा पंप असेल, तर प्लगची वायर इंजिनाच्या धातूला नीट जोडून (अर्थ करून) स्टार्टर थोडा वेळ फिरवा, म्हणजे ठिणगी पेट्रोलजवळ उडणार नाही. पेट्रोल टप्प्याटप्प्याने पण जोमाने यायला हवे. नुसते थेंब पडत असतील, तर पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो किंवा क्रँककेसकडून येणारी नळी तडकलेली असू शकते.

हे सगळे ठीक निघाले, तर कार्ब्युरेटर उघडा. तुमच्या बाबतीत दोष इथेच सापडेल असा माझा अंदाज आहे. खालचा बाऊल काढा. त्याच्या तळाला तपकिरी, गोंदासारखा थर किंवा पाण्याचे गोळे दिसले, तर जेटची अवस्था काय असेल याची कल्पना येईल. काही इंजिनांत बाऊलच्या बुडाशी वायर जोडलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडमीट करणारा भाग असतो. चावी फिरवल्यावर त्यातून टक्‌ असा आवाज येऊन आतली दांडी मागे सरकायला हवी, नाहीतर मुख्य जेट बंदच राहते. मुख्य जेट काढून उजेडाकडे धरले की त्याच्या मधोमध स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. ठिपका चंद्रकोरीसारखा कापलेला दिसला, तर कडेला थर बसलेला आहे. मंद गतीचे जेट याहून कितीतरी बारीक असते. त्याचे छिद्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, आणि बहुतेकांची नजर चुकते ती तिथेच. मी स्वतः एकदा मुख्य जेट चकचकीत करून कार्ब्युरेटर तीनदा बसवला आणि तीनदा काढला. दोष अखेर त्या न काढलेल्या छोट्या जेटमध्ये निघाला. छिद्र साफ करायला पोलादी तार वापरू नका, कारण ती छिद्र मोठे करते. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक धागा, कार्ब्युरेटर क्लीनर आणि दाबाची हवा एवढे पुरते. क्लीनर उडत असल्यामुळे डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

कार्ब्युरेटर परत बसवताना इंजिनाच्या बाजूचे गॅस्केट नवे घाला आणि बोल्ट समसमान आवळा. तरीही वेग वर-खाली होत राहिला, तर थंड इंजिन सुरू करून त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला, तर हवा तिथूनच शिरते आहे. हे पाहण्यासाठी पेटणारा फवारा वापरण्याची पद्धत प्रचलित आहे, पण गरम सायलेन्सर हातभर अंतरावर असताना मी ती सुचवणार नाही.

यानंतरही पाती जोडताच इंजिन दम टाकत असेल, तर व्हॉल्व्हचे अंतर फीलर गेजने तपासा. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत ते ०.१० ते ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असते, तरी तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण माना. हे अंतर फार वाढल्याची एक खूण ओळखायला सोपी आहे. चावी फिरवल्यावर स्टार्टर इंजिनाला अर्धा फेरा नेतो, तिथे अडतो आणि लोक नवी बॅटरी आणतात. सुरू होताना दाब हलका करणारी छोटी यंत्रणा व्हॉल्व्ह किंचित उचलते. अंतर वाढले की ती पोहोचत नाही आणि स्टार्टरवर पूर्ण दाबाचा भार येतो. फ्लायव्हीलला (जड चाकाला) क्रँकवर जागच्या जागी धरणारी छोटी धातूची खुंटी, म्हणजे फ्लायव्हीलची ‘की’, तुटल्यानेही इंजिन बिघडते. तथापि, तुमच्या यंत्रात पाती पट्ट्यावर फिरतात, त्यामुळे दगडाचा तडाखा थेट क्रँकवर जात नाही आणि ही शक्यता मी शेवटी ठेवीन.

कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी एक गोष्ट पाहा. ऑइलची पट्टी काढून तिचा वास घ्या. ऑइल पातळ झाले असेल, त्याची पातळी वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची सुई गळून पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरले आहे. अशा ऑइलवर इंजिन एक मिनिटही चालवू नका. सुई व तिची बैठक बदला आणि ऑइल नवे भरा.

प्रश्न : आमचे असेच जुने यंत्र वीस मिनिटे उत्तम चालते, मग ठसके देत बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. कार्ब्युरेटर नुकताच साफ केला आहे.

उत्तर : यंत्र बंद पडेल त्याच क्षणी दोन गोष्टी करा, कारण अर्ध्या तासाने तपासून काहीच हाती लागत नाही. आधी टाकीचे झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा फुस्स असा आवाज आला आणि इंजिन लगेच सुरू झाले, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले आहे. पेट्रोल कमी होते, टाकीत पोकळी तयार होते आणि धार तुटते. तसे नसेल, तर झाकण पुन्हा घट्ट लावा आणि प्लगच्या वायरला स्पार्क टेस्टर लावून स्टार्टर फिरवा. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर ती आहे, असे आढळले तर प्लगला वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलवर संशय घ्या. पण नवी कॉइल आणण्याआधी, इंजिन बंद करण्यासाठी जी बारीक वायर कॉइलला जोडलेली असते, ती सुटी करून पाहा. तिचे आवरण पत्र्याला घासून फाटले असेल किंवा सीटखालचा सुरक्षा स्विच मधूनच सुटत असेल, तरी लक्षण हुबेहूब असेच दिसते. ही वायर सुटी असेपर्यंत चावीने इंजिन बंद होणार नाही, म्हणून चाचणी झाल्यावर ती आठवणीने परत जोडा आणि पाती चालू ठेवून ही चाचणी करू नका. पंख्याच्या आवरणाखाली, सिलिंडरच्या पाकळ्यांत वाळलेले गवत दडपलेले आहे का, तेही एकदा आवरण काढून पाहा. कॉइल तापण्याचे खरे कारण पुष्कळदा तेच असते आणि ते तसेच राहिले तर नवी कॉइलही फार दिवस टिकत नाही.