वाचक विचारतात : फ्रीमेसन लॉजमध्ये प्रवेश कसा मिळतो?

प्रश्न : आमचे एक वरिष्ठ फ्रीमेसन आहेत. मलाही सभासद व्हायचं आहे, पण स्वतःहून विचारणं बरं दिसेल का? – एक वाचक, पुणे

बिनधास्त विचारा. फ्रीमेसन म्हणजे बंधुभाव आणि दानधर्म मानणाऱ्या एका जुन्या संघटनेचे सभासद, आणि लॉज म्हणजे त्यांची स्थानिक शाखा. ‘आमच्यात या’ म्हणून तिथे सहसा कोणी गळ घालत नाही, ओळखीच्या सभासदाकडे आपणच विषय काढायचा अशी रीत आहे. ग्रँड लॉज ऑफ इंडिया (स्थापना १९६१) या मध्यवर्ती संस्थेच्या लॉजमध्ये फक्त पुरुषांना घेतात. वय साधारण २१ पूर्ण हवं आणि ईश्वरावर श्रद्धा हवी. तो कोणत्या धर्माचा, हे विचारत नाहीत.

अर्जावर सूचक (तुमचं नाव सुचवणारा सभासद) आणि अनुमोदक, दोघांच्या सह्या लागतात. मग काही सभासद तुम्हाला भेटतात, कधी घरीही येतात. वर्गणी, पोशाख, जेवणं धरून वर्षाला किती खर्च येईल, हे तेव्हाच स्पष्ट विचारा. संसाराला कात्री लावून भरायची ही वर्गणी नाही. त्यानंतर गुप्त मतदान होतं : पेटीत पांढरी किंवा काळी गोटी टाकायची. इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या नियमानुसार तीन काळ्या निघाल्या की नकार, आणि लॉजचे पोटनियम याहून कडक असू शकतात. सूचकाने नुसत्या तोंडओळखीवर सही ठोकली असेल, तर गाडी इथेच अडते. जाणता सूचक कुरबुर कानावर आली की मतदानाआधीच नाव मागे घेतो.

दीक्षेच्या, म्हणजे प्रवेशविधीच्या, दिवशी बाहेरच्या खोलीत अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावतात : नाणी, किल्ल्या, घड्याळ, अंगठीसुद्धा. डोळ्यांवर पट्टी, उजवा हात, छातीची डावी बाजू आणि डावा गुडघा उघडा. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर. पट्टी सुटल्यावर कोकराच्या कातड्याचं पांढरं ॲप्रन बांधतात, ईशान्य कोपऱ्यात उभं करतात आणि गरजूंसाठी दान मागतात. जवळ छदामही नसतो! नवख्याला ही फजिती वाटते, पण कफल्लक माणसाची अवस्था त्याला स्वतःला कळावी म्हणूनच हा विधी. सगळ्या दीक्षेत हाच भाग आम्हाला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. पुढे आणखी दोन पदव्या, म्हणजे सभासदत्वाचे टप्पे, असतात आणि प्रत्येकीआधी ठरावीक प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ द्यावी लागतात.

प्रश्न : लॉजला देणगी दिली तर करसवलत मिळते का? – एक वाचक, नागपूर

बैठकीत दानाची पिशवी फिरते. मिटलेली मूठ आत घालायची, म्हणजे कोणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही. अर्थात पावती नाही, म्हणून सवलतही नाही. आजारी सभासद, दिवंगतांच्या पत्नी यांची विचारपूस ‘आल्मनर’ हा पदाधिकारी करतो. बाहेरच्याने मदत द्यायची तर ती लॉजशी संलग्न नोंदणीकृत ट्रस्टला द्यावी. कोईमतूरला मुलांसाठी मेसॉनिक वैद्यकीय केंद्र आहे, तशा कामांना. आधी ट्रस्टची ८०जी (देणगीवरच्या करसवलतीची) मान्यता तपासा. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर वजावट नाही आणि नव्या करप्रणालीत तर ती मिळतच नाही.

प्रश्न : ‘फ्रीमेसन व्हा, श्रीमंत व्हा’ असा व्हॉट्सॲप संदेश आला आहे. नोंदणीसाठी पैसे मागतात. भरू का? – एक वाचक, सोलापूर

मुळीच नाही. सूचक नाही, भेट नाही, मतदान नाही, तर तो प्रवेश कसला? भरले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार करा.