बरी होणार नाही म्हटल्यावर पुढे काय?

प्रश्न : आमची मांजर मनी १६ वर्षांची आहे, किडन्या गेल्यात, डॉक्टर म्हणाले आता घरीच नीट सांभाळा. ओरडत वगैरे नाही, नुसती पलंगाखाली बसून असते. आपली पॅरासिटामॉल थोडी दिली तर चालेल का? आणि आता पुरे हे कसं कळणार?

उत्तर : पॅरासिटामॉल अजिबात नको, अर्धीसुद्धा नाही! मांजरीचं लिव्हर ती पचवू शकत नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आयब्युप्रोफेन पण नको, किडनीचं अजून वाटोळं होईल. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं हो, मांजरं दुखणं लपवतात, अंग आखडून बसणं, स्वतःला चाटणं बंद होणं यावरून ओळखायचं. वाटीपाशी जाते, वास घेते, ओठ चाटते आणि मागे फिरते असं होतंय का बघा, ती बहुतेक मळमळ असते, भूक नाही असं समजून सोडू नका, त्यावर औषध आहे. कातडीखाली सलाईन द्यायला पण डॉक्टर शिकवतात, घरी जमतं. शी-शूचा ट्रे कमी काठाचा घ्या.

दुसऱ्या प्रश्नासाठी अमेरिकन पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस विलालोबोस यांची स्केल आहे, वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, प्रत्येकाला ० ते १० मार्क (१० म्हणजे उत्तम, वेदनेतही), ७० पैकी ३५ च्या वर म्हणजे ठीक चाललंय. पण श्वासाला त्रास होत असेल तर बेरीज करत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.