पहिल्याच सत्रात अंथरूण धरलंस म्हणून

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. घसा बसलाय, कणकण जात नाही, शाळेतून आल्यावर कोटसुद्धा न काढता पलंगावर आडवी होतेस, आणि आईला मात्र 'मजेत आहे' म्हणून सांगतेस. इंग्लंडला शिकवायला येण्याचा तुझा निर्णय चुकला, असं या आजारपणावरून ठरवू नकोस. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना इथल्या शिक्षक-पात्रतेसाठी थेट अर्ज करता येतो. तेव्हापासून बरीच मुलं-मुली येताना बघते आहे. दिवाळीच्या आसपास अंथरूण न धरलेलं माणूस विरळाच.

शेकडो नव्या मुलांचे सर्दी-खोकले तुझ्या अंगावर पहिल्यांदाच येतायत. दिवसभर वर्गात बोलायचं, रात्री बारापर्यंत पाठांची तयारी करायची, आणि डबा तसाच परत आणून चहा-बिस्किटावर भागवायचं. डिसेंबरात तर दुपारी चारलाच अंधार पडेल. एवढ्यात कुणाचंही शरीर कुरकुरणारच.

आधी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. अजून नोंदवलं नाहीस, हे वाचून मी खरंच रागावले. नोंदणीला पत्त्याचा पुरावा लागत नाही, आणि व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभारापोटी वर्षाला १,०३५ पौंड भरलेले आहेत. थकवा आठवडे झाले तरी हटत नाहीये, हे त्यांना स्पष्ट सांग. रक्त तपासतील का ते विचार: हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइड आणि बी-१२. तू शाकाहारी आहेस हे आवर्जून सांग, बी-१२ कमी असण्याची शक्यता आपल्याकडे बरीच असते. ड जीवनसत्त्वाची रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र आजच आण. इथे ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ते पुरेसं मिळत नाही, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी तर बारा महिने घ्यावं असं एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवाच, सांगते. घरून आणलेली अँटिबायोटिक्स मनाने घेऊ नकोस, साध्या सर्दी-तापावर त्यांचा उपयोग नाही. रात्री-अपरात्री काही वाटलं तर १११ ला, एनएचएसच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन कर. छातीत दुखलं, श्वास लागला तर थेट ९९९, तातडीच्या मदतीचा नंबर.

आता रजेचं. आजारी पडले तर व्हिसा जाईल, या भीतीने तू ताप अंगावर काढते आहेस, ते आधी थांबव. बिनपगारी गैरहजेरी वर्षात चार आठवड्यांहून जास्त झाली तर शाळेने व्हिसासाठी दिलेल्या प्रायोजकत्वावर गदा येते हे खरं, पण आजारपणाची रजा त्यात धरत नाहीत. पहिले सात दिवस डॉक्टरांचं पत्र लागत नाही, तू स्वतःच फॉर्म भरून द्यायचा. पुढे गेलं तर 'फिट नोट', म्हणजे डॉक्टरांचं पत्र, घ्यायची. पगार किती मिळेल ते करारपत्रात बघ आणि शिक्षक संघटनेची सभासद हो, अशा प्रश्नांची उत्तरं तिथे मिळतात. शाळेला मात्र ठरलेल्या वेळेच्या आत कळवलंच पाहिजे. आणि तापात उठून कव्हरसाठी, म्हणजे तुझ्या जागी वर्ग घेणाऱ्यासाठी, सजवलेल्या स्लाइड्स करत बसू नकोस. पुस्तकातलं पान, दहा प्रश्न, झाल्यावर वाचायला एक उतारा, एवढं पाठवलंस तरी वर्ग चालतो.

घशाचं बघ. आपल्याकडे साठ मुलांच्या वर्गात आवाज चढवूनच शिकवायची सवय लागते, आणि तोच आवाज तू इथे तीस मुलांवर लावतेस. गलबला सुरू झाला की बोलणं थांबव, हात वर कर, फळ्यापाशी उभी राहा आणि पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत शांतपणे बघत राहा. पहिले काही दिवस वेळ लागेल, मग मुलं आपोआप गप्प बसतील. सारखी खाकरू नकोस, पाण्याचा घोट घे.

ताप गेल्यावरही रविवारी संध्याकाळी रडू यायला लागलं, झोप लागेनाशी झाली, तर तेही डॉक्टरांनाच सांगायचं. शिक्षकांसाठी 'एज्युकेशन सपोर्ट' या संस्थेची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. विभागप्रमुखाला आपल्या अडचणी सांगितल्या तर हसतील असं तुला वाटतं, पण नव्या शिक्षकाला सांभाळून घेणं त्यांच्या कामातच येतं. नाहीतर त्यांना कळणार कसं?

आणि आईला खरं सांग. तुझ्या आवाजावरून तिला केव्हाच कळलंय.

सकाळी आठला दवाखान्याच्या लाइन उघडतात, तेव्हाच फोन लाव, उशीर झाला की त्या दिवसाच्या वेळा संपतात. नोंदणीचा फॉर्म अडला तर शनिवारी मी येतेच आहे, बसून भरू. मेतकूट आणते, तांदूळ तुझ्याकडे असतीलच.

तुझी,
ताई